यंत्राचा घसारा आणि जंगलाची झीज

कारखान्यातील यंत्र झिजते, म्हणून मालकाला करपात्र नफ्यातून दरवर्षी वजावट मिळते. तिचे नाव घसारा. हा रूक्ष विषय कामगार चळवळीने आजवर हिशेबतपासनिसांवर सोपवला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र तो समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

एक कोटीच्या सर्वसाधारण यंत्रावर पहिल्या वर्षी १५ टक्के, म्हणजे १५ लाख रुपये नफ्यातून वगळले जातात. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ८५ लाखांवर १५ टक्के, म्हणजे पावणेतेरा लाख. यंत्र केव्हातरी बदलावे लागतेच. समाजवादी व्यवस्थेतील कारखान्यालाही ही तरतूद करावी लागेल. तेव्हा आक्षेप तत्त्वाला नाही. कोणाची झीज मोजायची आणि कोणाची नाही, या निवडीला आहे.

१९७१ साली केंद्र सरकारने मागास जिल्ह्यांतील उद्योगांना भांडवली अनुदान सुरू केले. महाराष्ट्रात रत्नागिरी व औरंगाबादबरोबर चंद्रपूरची निवड झाली. गडचिरोली १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होती. यंत्राच्या किमतीचा जो हिस्सा जनतेने भरला, त्यावरही मालकाने घसारा घ्यावा काय? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९४ मध्ये पी. जे. केमिकल्सच्या खटल्यात निकाल उद्योगांच्या बाजूने लागला आणि अनुदान किमतीतून वगळण्याचे कारण नाही असे ठरले. १९९८ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली. मागासलेपण आदिवासींचे, अनुदान जनतेचे, आणि त्याच रुपयावर दुहेरी लाभ भांडवलाला, असा हा न्याय होता!

आता जंगलाचा हिशेब पाहावा. बल्लारपूरच्या कागद गिरणीने कित्येक दशके या जंगलांतील बांबू वापरला. गिरणीच्या यंत्रांची झीज वर्षानुवर्षे वहीत चढली. बांबूच्या बेटांची झीज कोणत्या वहीत चढली? सरकारने घेतलेले शुल्क ही तोडलेल्या बांबूची किंमत होती, बेटांची भरपाई नव्हे. बुरुडाचा कोयताही झिजतो. पण ज्याच्याकडे करपात्र उत्पन्नच नाही, त्याने वजावट मागायची कशातून?

खाणीसाठी वनजमीन देताना एकरकमी भरपाई घेतली जाते, हे खरे. परंतु २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्यानुसार ती सरकारी निधीत जाते आणि खर्चाची सूत्रे वनखात्याच्या हाती राहतात. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाबाबत हा प्रश्न आजचा आहे.

ग्रामसभांना हिशेब जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाकडे पाहावे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.

कंपन्यांवरील प्राप्तिकर केंद्राचा विषय आहे, ही सबब मंत्रालयाने सांगू नये. उद्योगांना भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात दिली जाणारी प्रोत्साहने राज्याचीच आहेत. वापरलेल्या जंगलाची वार्षिक झीज मोजून तेवढी रक्कम संबंधित ग्रामसभेत जमा केल्याखेरीज ती मिळणार नाहीत, अशी अट राज्याला घालता येते. धानोरा, कोरची, एटापल्ली येथील कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे आणावी.