तिकीट दुसऱ्यास देतांना

तिकीट काढलें, पण ऐन वेळीं जाणें जमलें नाहीं, असा प्रसंग कोणावरहि येतो. अशा वेळीं तें तिकीट दुसऱ्यास देतां येईल काय, आणि देतांना अधिक रक्कम घेणें योग्य आहे काय, हे दोन प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु अलीकडे त्यांत न्यायालयांस लक्ष घालावें लागलें, आणि आपल्या सिंधुदुर्गांतील पुष्कळ घरांस गणपतीच्या दिवसांत त्यांची झळ लागते. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं या विषयाचा थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे जत्रेंतील दशावतार पाहण्यास तिकीट लागत नाहीं. जो आधीं येईल तो पुढें बसेल. नाटकाच्या तिकिटावर आसनाचा क्रमांक असतो, नांव नसतें. तें शेजाऱ्याच्या हातीं दिलें कीं काम झालें. जेथें मागणी अफाट व जागा मोजक्या, तेथें मात्र प्रश्न बिकट होतो. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्यें नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाले. त्यांचीं तिकिटें २२ सप्टेंबर २०२४ रोजीं विक्रीस आलीं. दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. पाहतां पाहतां तीं संपलीं, आणि लगेच दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरांतील किमतीस मांडलेलीं दिसूं लागलीं. हे सर्व विक्रेते ऐन वेळीं आजारी पडले होते, असें कोण म्हणेल?

हस्तांतराच्या वेळीं जी अधिक रक्कम घेतली जाते, तिचे दोन प्रकार आहेत, आणि ते ओळखतां येणें महत्त्वाचें आहे. पहिला प्रकार श्रमाच्या मोलाचा. जुनें नांव काढून नवें घालणें, हिशेब ठेवणें, यांस कांहीं खर्च येतोच. पण हें काम स्वस्त तिकिटास जेवढें पडतें, तेवढेंच महागास पडतें. यास्तव असें शुल्क ठराविक, अल्प व आधीं जाहीर केलेलें असावें. दुसरा प्रकार दुसऱ्याच्या गरजेच्या मोलाचा. पुनर्विक्री करणाऱ्या संस्था बहुधा विक्रीच्या रकमेवर शेंकडा कांहीं हिस्सा घेतात. तिकीट जितकें महाग विकेल, तितका त्यांचा हिस्सा वाढतो. मग भाव आवरण्याची इच्छा त्यांस कोठून व्हावी?

कोणी म्हणेल, "वस्तु माझी आहे, मी हवी ती किंमत घेईन. आंबेवाला, मासळीवाला नफा घेत नाहींत काय?" हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु बागाइतदार कलम वाढवितो, वर्षभर त्याची निगा राखतो. मालवणच्या किनाऱ्यावरची मासळी मुंबईस नेणारा व्यापारी बर्फ घालतो, गाडीभाडें भरतो, माल नासण्याचा धोका पत्करतो. तिकिटांचा सांठा करणारा कशांत भर घालतो? गर्दींत त्यानेंच जागा अडविली, आणि त्याच जागेचें मोल तो आपणांकडून घेतो.

याच्या उलट रेल्वेचा नियम पाहा. खात्रीचें आरक्षण असलेलें तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पति वा पत्नी यांच्या नांवें करतां येतें. गाडी सुटण्यापूर्वीं २४ तास आरक्षण-कार्यालयांत अर्ज व नात्याचा पुरावा द्यावा, म्हणजे झालें. शाळेच्या सहलींतील एखादा विद्यार्थी अडला, तर मुख्याध्यापकांनीं ४८ तास आधीं लेखी विनंति केल्यास त्याच शाळेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचें नांव घालतां येतें. मात्र असे बदल तुकडीच्या शेंकडा १० हून अधिक होत नाहींत. येथें गरजवंताची सोय झाली, आणि दलालास वावहि राहिला नाहीं.

तरीहि गणपतीस गांवीं येणारे कित्येक चाकरमानी दलालाकडे वळतात. कुडाळ वा कणकवलीचें तिकीट जादा पैसे देऊन मिळतें, पण त्यावर नांव भलत्याचेंच असतें. गाडींत तपासनीस ओळखपत्र मागतो, आणि पदरचे पैसे देऊनहि प्रवासी विनातिकीट ठरतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ अन्वयें तिकिटांचा असा अनधिकृत धंदा करणारास ३ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. हें कलम संगणकावरून काढलेल्या तिकिटांसहि लागू आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें ठरविलें. त्याच महिन्यांत करमणुकीच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराविषयींचा एक जनहित अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें फेटाळला. यासंबंधीं कायदा करणें हें विधिमंडळाचें व शासनाचें काम आहे, असा त्याचा अभिप्राय पडला. आयर्लंडनें २०२१ सालींच मोठ्या कार्यक्रमांचीं तिकिटें मूळ किमतीहून अधिकास विकण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२५ मध्यें ब्रिटिश सरकारनेंहि तसा मनोदय जाहीर केला, व पुनर्विक्रीवरील सेवाशुल्कास मर्यादा घालण्याचेंहि त्यांत योजिलें. आपल्याकडेहि असा कायदा व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मात्र कार्यक्रम करणारांवरहि कांहीं जबाबदारी आहे. तिकीट परत घेणार नाहीं आणि नांवहि बदलूं देणार नाहीं, असा हट्ट त्यांनीं धरला, तर अडलेला सरळ माणूसहि आडवाटेस लागतो. मूळ किमतीस, ठराविक अल्प शुल्क घेऊन, तिकीट परत घेण्याची सोय प्रत्येक व्यवस्थापकानें ठेवावी.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, तिकीट काढण्यापूर्वीं तें परत करतां येतें कीं नाहीं, नांव बदलतां येतें कीं नाहीं, व त्यास शुल्क किती, हें वाचून पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्या हातीं कोणा मोठ्या सामन्याचें एक तिकीट शिल्लक राहील, आणि बाहेर एखादा मुलगा तिप्पट पैसे घेऊन उभा असेल. त्याच्याकडून छापील किंमतच घ्या. तिकीट तुमचें असलें, तरी त्याची ओढ ही विकण्याची वस्तु नव्हे.