वाट पाहण्याची किंमत कोण मोजतो?

डिसेंबर उजाडेपर्यंत वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील अनेक आदिवासी पाडे ओस पडलेले असतात. दिवाळीनंतर वीटभट्टीमालकाची उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह भट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्याच डिसेंबरात परदेशी विद्यापीठांच्या मानवशास्त्र विभागांकडे पाठवावयाच्या अर्जांच्या मुदती संपू लागतात, आणि उत्तराची वाट पाहण्याचा काळ सुरू होतो. तो मार्च-एप्रिलपर्यंत आणि शिष्यवृत्तीची गरज असलेल्यांच्या बाबतीत पुढे पावसाळ्यापर्यंत चालतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तो आहे, आणि समाजवादी चळवळीने तो वेळीच ओळखला पाहिजे.

चळवळीतील काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हा विषयच चैनीचा वाटतो. ज्या नगरीत पाण्यासाठी रांगा लागतात आणि विरार लोकलच्या दारात लोंबकळत कामगार रोजीरोटीला जातो, तेथे परदेशात मानवशास्त्र शिकू पाहणाऱ्या मूठभर तरुणांची चिंता पक्षाने का वाहावी, असा त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे. परंतु त्याच्या पोटात एक घातक गृहीत दडलेले आहे. ज्ञान हा वरच्या वर्गांचा व्यवहार आणि भाकरी हा कष्टकऱ्यांचा, अशी विभागणी त्यात मान्य करून टाकलेली आहे. प्रस्थापितांना नेमकी हीच विभागणी हवी असते. ती चळवळीनेच मान्य केली, तर त्यांना वेगळे काही करावे लागत नाही.

अभ्यासाचा विषय आणि अभ्यासक

ठाणे जिल्ह्यातील आदिवासींचे वर्णन करण्याचा उद्योग फार जुना आहे. सन १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वारली, कातकरी, कोळी यांच्या चालीरीतींची नोंद आहे. एन्थोव्हेन यांनी १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील तीन खंड सिद्ध केले. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ साली निघाला. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. वारली काय खातो, काय नेसतो आणि कोणत्या देवाला कोंबडे देतो, हे ग्रंथात उतरले. वारल्याला काय हवे आहे, ते मात्र त्याने स्वतः लाल बावट्याखाली उभे राहून सांगितले.

वर्णन करणारा एक आणि वर्णिला जाणारा दुसरा, ही रचना आजही फारशी बदललेली नाही. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. वसई-विरार शहर महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेलेली होती. आगरी, कोळी, वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती, वारली, कातकरी आणि देशभरातून आलेले स्थलांतरित कामगार ज्या भूमीवर एकमेकांना खेटून राहतात, ती भूमी समाजशास्त्रज्ञाला साद घालणारच. प्रश्न एवढाच आहे की, तिचा अभ्यास करणाऱ्यांत त्या भूमीची लेकरे किती असणार?

प्रतीक्षेचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्रात संधिखर्च नावाची एक साधी कल्पना आहे. एका गोष्टीसाठी दुसरी जी गोष्ट सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत. या मापाने मोजले, तर वाट पाहणे ही फुकटची क्रिया मुळीच नाही.

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे एका अर्जासाठी पाऊणशे ते सव्वाशे डॉलर शुल्क घेतात. शंभर डॉलरचा सरासरी हिशेब धरला आणि सहा ठिकाणी अर्ज केले, तर नुसत्या शुल्काचा आकडा पन्नास हजार रुपयांच्या घरात जातो. सन २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे सहा अर्जांची किंमत झाली सुमारे १६० दिवसांची मजुरी! सन २००५ च्या केंद्रीय कायद्याने दिलेली हमी होती शंभर दिवसांची. वर्षभराची सगळी हमी विद्यापीठांच्या तिजोरीत ओतली, तरी सहावा अर्ज तर सोडाच, चौथासुद्धा पुरता होत नाही. काही विद्यापीठे शुल्कमाफी देतात, हे खरे. परंतु माफी आहे हे ठाऊक असणे, ती मागण्याची रीत माहीत असणे आणि शिफारसपत्र देणारा प्राध्यापक ओळखीचा असणे, हेही एक भांडवलच आहे. आणि तेही इतर भांडवलाप्रमाणेच विषमतेने वाटले गेलेले आहे.

यानंतर चार-पाच महिने थांबावे लागते. या काळात सुखवस्तू घरातला मुलगा पुस्तके वाचतो, भाषा शिकतो, प्रवास करतो. त्याची प्रतीक्षा ही तयारी ठरते. भाताण्याच्या किंवा पारोळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरील पदवीधर मुलीला तेच महिने मोकळे ठेवायचे, तर नोकरी नाकारावी लागते. आणि नोकरी धरली, तर ‘ही आता जाणार नाही’ असे घरचे गृहीत धरून बसतात. लग्नाची बोलणी सुरू होतात. भट्टीवरच्या आईबापांच्या अंगावर उचल असतेच. मोबाईलवर रोज सकाळी ई-मेल उघडून पाहणाऱ्या त्या मुलीला कोणी अडवलेले नाही, कोणी हाकललेले नाही; तिला फक्त थांबायला सांगितलेले आहे. ज्याला थांबणे परवडत नाही, त्याच्यापुरता हा नकारच असतो. त्यावर कोणाची सही नसते, इतकेच.

या व्यवहारातील विषमता आणखी एका तपशिलात दिसते. प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्याने १५ एप्रिलपर्यंत आपला निर्णय कळवावा, अशी अमेरिकेतील अनेक पदव्युत्तर शिक्षणसंस्थांची सामाईक रीत आहे. विद्यार्थ्याने केव्हा उत्तर द्यावे याची तारीख ठरलेली आहे. विद्यार्थ्याला केव्हा उत्तर मिळावे याची मात्र अशी कोणतीही सामाईक तारीख नाही. उत्तरादाखल मिळालेला प्रवेशही निश्चित नसतो. कोविडच्या साथीत अनेक विद्यापीठांच्या मानवशास्त्रासारख्या विभागांनी २०२१ चे प्रवेशच स्थगित केले. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे बंद ठेवल्या. असे फेरे चुकवायला गाठीशी पैसा आणि हाताशी दुसरे वर्ष असावे लागते.

शासनाचे मौन आणि शासनाचे बोलणे

परदेशी विद्यापीठांना भारतीय मतदार जाब विचारू शकत नाही. स्वतःच्या सरकारला मात्र तो विचारू शकतो, आणि खरा दोष तेथेच आहे.

अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला १२५ जागा. सन २०२५ मध्ये निवड झाली १०६ जणांची. परंतु जुलैच्या आरंभी तात्पुरती मंजुरीपत्रे निघाली ४० जणांच्या नावे. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध होईल त्याप्रमाणे पत्रे देऊ, असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठांची वर्षे सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात. त्याआधी अनामत भरावी लागते, व्हिसासाठी पैशाचा पुरावा द्यावा लागतो. निवड झालेल्या विद्यार्थ्याला जुलैत ‘थांबा’ म्हणणे, याचा अर्थ सरकारी बाबूला कळत नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. वाढवणच्या नियोजित बंदरासाठी ७६ हजार कोटींची तरतूद करणाऱ्या राज्यकर्त्यांना ६६ विद्यार्थ्यांसाठी निधीची सबब पुढे करावी लागते, यातच अग्रक्रम कोणाचे आहेत ते स्पष्ट होते.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय योजनेची कथा याहून बोलकी आहे. दहा कोटींहून अधिक आदिवासींच्या देशात तिच्या जागा ठरवण्यात आल्या वर्षाला २०. त्यांपैकी ३ विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी. असे गट देशात ७५ आहेत आणि कातकरी हा त्यांपैकी एक. पंचाहत्तर समाजांना तीन जागा! वसईच्या कातकऱ्याने आपल्या मुलाची पाळी केव्हा येईल याचा हिशेब मांडावा, म्हणजे ‘प्रतीक्षा’ या शब्दाचा सरकारी अर्थ त्याला उमगेल.

एका बाबतीत मात्र सरकार मौन सोडून स्पष्ट बोलले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने आपल्या योजनेच्या नियमावलीत एक कलम घातले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. या विषयांचे तज्ज्ञ देशातच आहेत, असे समर्थन करण्यात आले. म्हणजे दलिताच्या मुलाने सरकारी पैशावर परदेशी जाऊन यंत्रे शिकावीत. जात शिकू नये. मानवशास्त्राकडे वळणाऱ्या दलित तरुणाला ज्या प्रश्नाने तिकडे वळवले, नेमका तोच प्रश्न बाहेर ठेवून ये, असे हे सांगणे आहे.

इतिहासाची साक्ष

या कलमाची कसोटी घ्यायला फार दूर जावे लागत नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. विषय भारतीय, शास्त्र सामाजिक, विद्यापीठ परदेशी! सन २०२२ चे कलम तेव्हा असते, तर तो विषय घेऊन अर्ज करणारा हा विद्यार्थी अपात्र ठरला असता. ज्यांच्या नावाचा जयघोष करीत योजना जाहीर होतात, त्यांच्याच पहिल्या महत्त्वाच्या लेखनाला त्या योजनेत जागा नसावी, याला उपरोध हा शब्दही अपुरा आहे.

प्रतीक्षाही आंबेडकरांच्या वाट्याला आली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. याच दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला मानवशास्त्र शिकायला गेल्या, त्याही जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाच्या आधाराने. युजेन फिशर यांच्यासारख्या वंशवाद्याच्या हाताखाली काम करूनही कवट्यांच्या मापांतून वंशश्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, हे त्यांनी मांडले. बाहेरून आलेली तरुण नजर एखाद्या शास्त्राला कशी शुद्धीवर आणते, याचे हे उदाहरण आहे.

राजाची मेहेरबानी, मित्राचे औदार्य, पुढाऱ्याशी ओळख. त्या काळी ज्ञानाचे दार या तीन किल्ल्यांनी उघडत असे. प्रजासत्ताकाने त्यांच्या जागी हक्क आणावयाचा होता. हक्काला तारीख असते, मेहेरबानीला नसते. आजच्या शिष्यवृत्त्यांना तारीख नाही, यावरून त्या कोणत्या जातीच्या आहेत हे ओळखावे.

भाकरीचा आणि ज्ञानाचा प्रश्न एकच

आता ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मूळ सवालाकडे वळले पाहिजे. या शिक्षणाचा पाड्याला उपयोग काय? सन २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना गावातील वृद्धांची साक्ष, जुनी स्मशाने, देवस्थाने, वहिवाटीच्या खुणा हे पुरावे म्हणून ग्राह्य असतात. ते गोळा करणे, नकाशावर मांडणे, समितीपुढे टिकवणे हे मानवशास्त्राचेच काम आहे. सन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची तरतूद केली. बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग, बंदर असे प्रकल्प ज्या जिल्ह्यावर चाल करून येत आहेत, तेथे असे अहवाल कोण लिहितो आणि कोणाच्या पैशाने लिहितो, यावर हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून असते. पाड्याची भाषा जाणणारा आणि जगातील शास्त्राशी बरोबरीने बोलणारा अभ्यासक जिल्ह्यात नसला, की तो अहवाल सल्लागार कंपनीच्या वातानुकूलित खोलीत तयार होतो.

गेलेले परत येत नाहीत, ही तक्रारही ऐकू येते. काही येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु सुखवस्तूंची मुले परत येत नाहीत म्हणून त्यांचे जाणे कोणी थांबवलेले नाही. निष्ठेची परीक्षा फक्त गरिबाच्या मुलाचीच का घ्यावी?

म्हणून पक्षाच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सन २०२२ चे ते कलम पुन्हा कधीही डोके वर काढणार नाही अशा रीतीने समूळ काढून टाकावे. विशेष दुर्बल गटांसाठीच्या जागा वाढवाव्यात. केंद्राच्या आणि राज्याच्या प्रत्येक परदेश शिष्यवृत्तीच्या जाहिरातीतच निकालाची तारीख छापावी आणि नकाराची कारणे लेखी कळवावीत. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखल्याला जशी मुदत आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड, तशीच राज्याच्या शिष्यवृत्तीच्या निर्णयाला मुदत आणि दंड लागू करावा. निवड झालेल्या विद्यार्थ्याला पत्र हाती पडेपर्यंत निर्वाहभत्ता मिळावा.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. वसई, नालासोपारा, विरार येथील शाखांनी ऑगस्ट ते एप्रिल या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ अर्जदारांसाठी राखून ठेवावी. शुल्कमाफीची पत्रे लिहून द्यावीत, दाखले मिळवून द्यावेत, पहिल्या अर्जाच्या शुल्कासाठी छोटा निधी उभारावा, आणि प्रत्येक अर्जदाराला किती दिवस उत्तराविना ठेवले याची नोंदवही ठेवावी. सहा महिन्यांनी ती वही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवता येईल.

१९८० च्या दशकात याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी लढावे लागले, वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच रद्द झालेली असताना! कायदा आणि हक्क यांच्यामधले अंतर सरकारच्या मर्जीवर सोडले, तर ते आपोआप कधीच मिटत नाही, हा त्या लढ्याचा धडा आहे. वेठबिगाराचे श्रम मोबदल्याविना घेतले जात होते. त्याच्या नातीचे दिवस आज तसेच मोबदल्याविना घेतले जात आहेत. त्या दिवसांचा हिशेब मागणे हे चळवळीचेच काम आहे.