रोटाव्हेटरचं पीठ आणि नाल्याचा चहा

लोणारचं सरोवर बघायला आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. मेहकरकडून जाताना सुलतानपूर लागतं, तिथून गाडी लोणारकडे वळते. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात फक्त तो उल्केचा खड्डा असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची काळी शेतं कुणी बघत नाही. माझं आजोळ त्याच भागातलं, म्हणून मला ती बघावी लागतात. आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथली माती पावसाने जेवढी नेली त्याला आपल्या मशागतीचा मोठा हातभार आहे.

पूर्वी वखर होता. बैलांचा वखर चार बोटं माती हलवायचा, ढेकळं शिल्लक राहायची. आता पल्टी नांगर, त्यावर पंजी, त्यावर रोटाव्हेटर! शेत असं मऊ होतं की बघणारा म्हणतो, "वा, काय पीठ केलंय!" पण पीठ पावसात टिकतं का? थेंब आपटला की बारीक कण उडतात, छिद्रांत जाऊन बसतात, वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, पळतं. त्यातून ट्रॅक्टरवाल्याला लांब तास हवेत, कमी वळणं हवीत. शेताची लांबी उताराच्या दिशेने असली की नांगरटही उताराला उभी. प्रत्येक तास म्हणजे एक तयार नाली.

मागच्या पावसाळ्यात मी मामाच्या धुऱ्यावरून पडणारं पाणी बाटलीत धरलं. शेजारच्या वावरात आडवी वखरणी, आडवी पेरणी होती. तिथलंही एका बाटलीत घेतलं. मामाच्या बाटलीत वाळू मिनिटभरात तळाला बसली, पण पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखं. शेजाऱ्याची बाटली बरीच निवळली होती. (दोन बाटल्यांना रिसर्च म्हणत नाहीत, माहीत आहे. मामी तर म्हणाली, "इंजिनिअर होऊन गढूळ पाणी भरतो का रे?")

पण कारण आपल्याच सिलॅबसमध्ये आहे. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कण दहापट बारीक झाला की बसायचा वेग शंभरपट कमी. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षा लहान. तो एकदा सुटला की थेट धरणातच थांबतो. साध्या पावसात वाहून जाणारी माती म्हणून शेतातल्या मातीपेक्षा बारीक असते. खत आणि सेंद्रिय अंश याच बारीक कणांना चिकटून असतात. मागे राहतो रेवा आणि मुरूम. दहा-वीस वर्षांनी आपण म्हणतो, जमीन बरड झाली. ढगफुटीत मात्र घळी पडतात आणि बारीक-जाड सगळंच जातं.

किती जाते? हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेने 1976 पासून काळ्या जमिनीवर मोजमाप ठेवलं. जुन्या पद्धतीत, म्हणजे पावसाळ्यात जमीन पडीक ठेवून, हेक्टरी वर्षाला सहा टनांहून जास्त माती गेली. रुंद वरंबा-सरी आणि पावसाळ्यातही पीक, अशा पद्धतीत दीड टनाच्या आसपास. सहा टन म्हणजे जाडी किती? जेमतेम अर्धा मिलिमीटर! अर्धा मिलिमीटर कुणाला दिसणार? पंचनामा करायला तलाठीही येणार नाही. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत पुराने जमीन वाहून गेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी 47 हजार आहेत, पण दरवर्षी गुपचूप जाणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरला एक रुपया नाही. आणि गंमत बघा, तीच माती तलावात साचली की 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत (2017) जेसीबी लावून, ट्रॉल्या भरून परत शेतात आणायची. योजना चांगलीच आहे हो, पण आधी जाऊच का द्यायची?

यावर मामाचं उत्तर तयार असतं. "बैलजोडी पोसायला तू येतोस का?" मुद्दा खरा आहे. मृगाचा पाऊस झाल्यावर पेरणीला चार-सहा दिवस मिळतात, तेव्हा ट्रॅक्टर लागतोच. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे, कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विना-नांगरणीची शेती करून दाखवतात, पण त्यात तण मारायला औषध फवारावं लागतं, आणि सगळ्यांना ते पटत नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण ट्रॅक्टरनेच उताराला आडवं चालायला, रोटाव्हेटरची एक पाळी कमी करायला, सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरायला काय हरकत आहे? बीबीएफ यंत्र ट्रॅक्टरलाच जोडतात. पोकरा प्रकल्पातून 2018 पासून बुलढाणा जिल्ह्यात त्याचा प्रचार झाला.

अडचण एवढीच की आडवं म्हणजे नक्की कुठून कुठे, हे उघड्या डोळ्यांनी कळत नाही. सुलतानपूरकडचे उतार दोन-तीन टक्क्यांचे, फसवे. त्याला लेव्हल लागते. ती आपल्या सिव्हिलच्या कपाटात वर्षातले अकरा महिने पडून असते, आणि सर्व्हे कॅम्पला आपण त्याच त्या टेकडीच्या समपातळी रेषा काढतो, ज्या मागच्या बॅचनेही काढल्या होत्या. एचओडी सरांना विनंती आहे की यंदाचा कॅम्प पेरणीआधी एखाद्या गावच्या शिवारात न्यावा. राहायची सोय मामाकडे होईल, पंधरा जणांपर्यंत. रेषांवर चुना टाकून आलो तरी पुरे, तास ट्रॅक्टरवाला ओढेल.