गाडी विकायची का? आधी मान वळवून दाखवा

साठी ओलांडलेल्या पेशंटबरोबर मुलगा किंवा मुलगी आली, की बीपीचा पट्टा सोडेपर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना, गाडी विकून टाका म्हणून.’ पेशंटचं उत्तरही ठरलेलं असतं. ‘चाळीस वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही.’ मग दोघंही माझ्याकडे बघतात. मी दोघांपैकी कुणाचीच बाजू घेत नाही, कारण वैद्यकीय दृष्टीने दोघांच्याही म्हणण्याला अर्थ नाही.

आधी मुलांचं बघू. वय हा काही आजार नाही. रोज टेकडी चढणारा, स्वच्छ नजरेचा बहात्तर वर्षांचा माणूस आणि मधुमेहाने पावलं बधिर झालेला पंचावन्न वर्षांचा माणूस, यांतला धोकादायक चालक कोण? पण घरात ‘गाडी बंद’चा हुकूम निघतो तो बहात्तरवाल्यासाठी. पंचावन्नवाला रोज ऑफिसला जातो, त्याला कोण बोलणार!

गाडी काढून घेताना तिच्याबरोबर आणखी काय जातं, याचाही विचार होत नाही. मंडई, बँकेतलं पासबुक, संध्याकाळचा कट्टा, बायकोला दवाखान्यात नेणं, हे सगळं त्या किल्लीला अडकवलेलं असतं. वाहन चालवणं सोडलेल्या वृद्धांमध्ये नैराश्य जास्त आढळतं, हे परदेशात मोटार चालवणाऱ्यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. आपल्याकडे पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट आहे हे खरं. पण तिच्या पायऱ्या चढायला जे गुडघे लागतात, ते असलेला माणूस बऱ्याचदा गाडीही नीट चालवू शकतो. रिक्षाला रोजचे पैसे देणार का, हा प्रश्न मुलांना विचारला की खोलीत शांतता पसरते.

आता वडिलांचं. चाळीस वर्षांत ओरखडा नाही, यावरून मागच्या चाळीस वर्षांत शरीर ठीक होतं एवढंच कळतं. आजचं काहीच कळत नाही.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळट, धुरकट होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर समोरच्या गाडीचा पांढरा एलईडी दिवा डोळ्यांत फुटतो आणि दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे ४० मीटर रस्ता तुम्ही देवाच्या भरवशावर कापलात. काचबिंदूत तर मधलं सगळं नीट दिसतं, कडेचं जातं, आणि गेलेलं कळतही नाही. डावीकडून घुसलेला रिक्षावाला ‘अचानक आला’ असं जे सांगतात, त्यांच्या डोळ्यांचा दाब मी आवर्जून तपासून घ्यायला सांगतो.

मानेचंही तेच. स्पाँडिलायटिसने मान वळेनाशी झाली की माणूस आरशावर भागवतो, आणि आपल्याकडे निम्म्या गाड्यांचे आरसे स्वतःचं कोपर दाखवण्यासाठी बसवलेले असतात.

सगळ्यात कमी बोललं जातं ते गोळ्यांबद्दल. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर आणि मग मेंदू बधिर. हे खुर्चीत झालं तर साखर-पाणी देता येतं, उड्डाणपुलावर झालं तर? प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिनने उभं राहताना बीपी पडू शकतं. सर्दीची साधी गोळी आणि झोपेसाठी रात्री घेतलेली अल्प्राझोलाम यांची गुंगी सकाळपर्यंत उरू शकते. अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे वरच्याच वेगाने ७ मीटर. ब्रेक दाबला जातो, पण समोरच्याला धडकल्यावर. या गोळ्या लिहून देताना ‘तुम्ही गाडी चालवता का?’ हे आम्ही डॉक्टर विचारत नाही, ही आमच्या धंद्याची लाजिरवाणी सवय आहे.

आणि पडलात तर? तरुण माणूस खरचटून उठतो. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, त्यामुळे कवटीखालच्या शिरा ताणलेल्या राहतात आणि किरकोळ धक्क्यानेही फुटू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी सहज. हा रक्तस्राव इतका सावकाश होतो की दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, बोलणं असंबद्ध होतं, एक पाय ओढला जातो, आणि घरचे म्हणतात ‘वयामुळे होतंय’. डोक्याला मार लागला आणि अशी गोळी चालू आहे, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि सीटी स्कॅनचं विचारा. हेल्मेट ‘कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय’ म्हणून खुंटीला ठेवणारे सगळ्यात जास्त याच वयाचे असतात, हा माझा अनुभव.

माझ्याकडे येणारी मनगटाची आणि खुब्याची फ्रॅक्चरं वेगात झालेली नसतातच फारशी. उभी गाडी कलते, सावरायला जावं तर पाय बधिर किंवा मांडीत ताकद नाही, आणि गाडीखाली माणूस. बुलेट साधारण १९० किलोची, स्प्लेंडर ११०च्या आसपास. मग सल्ला मिळतो, ‘स्कूटर घ्या.’ अर्धाच बरोबर. क्लच नाही, टांग टाकावी लागत नाही, हा मोठाच फायदा. पण १०-१२ इंचांची चाकं आपल्या खड्ड्यांत मोटरसायकलच्या १७-१८ इंची चाकांपेक्षा जास्त अडखळतात. शिवाय विकायचीच असेल तर माणसाच्या वयाआधी गाडीचं वय बघा. २०१९ नंतरच्या दुचाकींना १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली किमान दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. दारातली तीस वर्षांची आरएक्स-१०० फार सुंदर दिसते, पण पावसात ती तुमच्याइतकीच उशिरा थांबते.

आता खरा राग कुणावर आहे ते सांगतो. आपल्या कायद्यात हे सगळं तपासायची सोय आहे. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म १-ए. त्यात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, असे अगदी नेमके प्रश्न आहेत. म्हणजे साठी, पासष्टी, सत्तरी अशी दर पाच वर्षांनी एक चौकी उभी आहे. आणि त्या चौकीवर बसलेला पहारेकरी, म्हणजे माझाच व्यवसायबंधू, पेशंट न बघता शिक्का मारतो. एजंट फॉर्मचा गठ्ठा घेऊन येतो, सह्या होतात, शंभर-दोनशे रुपये सुटतात. जपानमध्ये पंच्याहत्तरीनंतर नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी सक्तीची आहे. आपल्याकडे माणूस हजर असण्याचीही सक्ती कुणी पाळत नाही. मग जो निर्णय दवाखान्यात व्हायचा तो जेवणाच्या टेबलावर भांडून होतो. मुलगा किल्ली लपवतो, बाप दुसरी करून आणतो.

‘विकायची की ठेवायची’ असा हो-नाहीचा प्रश्न घालणंच चूक आहे. मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. पहिली जावी ती अंधारातली गाडी, मग पावसातली, मग हायवे. दिवसा दहा वाजता मंडईत जाणं कदाचित आणखी आठ वर्षं चालेल.

आणि या सगळ्याच्या आधी डबलसीट बंद करा. इथे मी कडक आहे. स्वतःचा धोका पत्करायचा हक्क तुम्हाला आहे, पण नऊवारी-सहावारीत एका बाजूला पाय सोडून, हेल्मेटशिवाय बसलेल्या बायकोचा आणि पुढे टाकीवर बसवलेल्या नातवाचा नाही. मागे माणूस बसला की तोल सावरायला दुप्पट ताकद लागते, आणि ती ताकदच तर कमी झालेली असते.

घरच्या घरी काही गोष्टी करून बघा, भिंतीजवळ आणि कुणीतरी शेजारी उभं असताना. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर मांड्या कमजोर आहेत. एका पायावर पाच सेकंदही उभं राहता येत नसेल, तर सिग्नलला गाडी कशी तोलणार? गाडी मेन स्टँडला लावा, उताराकडून मागे ओढा. खांद्यावरून मागे बघा. डोळे मिटून पायाच्या बोटांना कुणी कापूस लावला तर कळतो का बघा. ज्याला तो कळत नाही त्याला मागचा ब्रेक किती दाबला हेही कळत नाही.

फेफरं, वारंवार चक्कर, एकदाही शुद्ध हरपणं, ओळखीचा रस्ता चुकणं, पार्किन्सन, न दुरुस्त होणारी दृष्टी यांतलं काही असेल, तर मात्र पायऱ्या वगैरे काही नाही. गाडी त्याच दिवशी बंद, वय पन्नास असलं तरी. मोतीबिंदू त्यात नाही. ऑपरेशन करा, नेत्रतज्ज्ञांनी परवानगी दिली की पुन्हा चालवा.

फॉर्म १-ए घेऊन माझ्याकडे येणार असाल तर स्वतः या. लांबचा चष्मा आणा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा, आणि गाडी दाराशी लावा. २५ मीटर मोजायला आमच्या कंपाउंडची भिंत पुरते.