मुद्दल राखणारे गाव

बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत आहे. गहू, ऊस आणि दूर्वा यांच्याच कुळातले. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही गोवला आणि त्या एका शब्दामुळे जंगलातला बांबू इमारती लाकडाच्या पंक्तीत जाऊन बसला. शब्दाच्या व्याख्येवर मालाची मालकी, दर आणि वाहतूक ठरते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. मात्र गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील शंभरेक घरांच्या एका गोंड वस्तीला या व्याख्येची किंमत फार वर्षे मोजावी लागली.

या गावाचे नाव मेंढा. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून सगळे त्याला ‘मेंढा-लेखा’ म्हणतात. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली असून मेंढ्याच्या भोवतीही दाट मिश्र अरण्य आहे. मोह, तेंदू, हिरडा, बेहडा, चारोळी आणि बांबूची बेटे यांवर गावाचा संसार चालतो. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना विदर्भात ‘वास्ते’ म्हणतात, ते भाजीला येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचली जातात आणि मे महिन्यात तेंदूच्या पानांचे पुडे बांधले जातात. पूर्वी या भागातील बांबू शासनाकडून दीर्घ मुदतीच्या करारावर कागद कारखान्याला दिला जाई. गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी येत असे, तीही ठेकेदार देईल तेवढी.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांवरील भोपालपट्टणम व इंचमपल्ली या नियोजित धरणांविरुद्ध आदिवासी गावे एकवटली. बाबा आमटे आणि लाल श्याम शाह यांच्यासारखी माणसे त्या आंदोलनात होती. धरणे बाजूला पडली; मेंढ्यात मात्र एक प्रश्न मागे राहिला. जंगल वाचवा असे आपण म्हणतो, तर आपल्याच जंगलाचे आपण काय करतो? गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी या प्रश्नाची सोबत पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. मोहनभाई गावात पुढारी म्हणून आले नाहीत. गावकरी एकत्र बसून निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करण्यासाठी ते आले होते, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या घडामोडींत महत्त्वाची ठरली.

त्यातूनच मेंढ्याची एक पद्धत रुजली. गावात ‘अभ्यास गट’ बसतो आणि ‘ग्रामसभा’ही बसते, परंतु दोहोंचे काम वेगळे आहे. अभ्यास गटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, कायदा वाचावा, शंका विचारावी, तासन्‌तास वाद घालावा. मात्र तेथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, गावातल्या सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या सहमतीने. हात वर करून बहुमत मोजण्याची रीत येथे नाही. एकाचेही मन तयार नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. बाहेरच्यांना ही दिरंगाई वाटते. पण भागीदारीच्या पेढीत एका भावाला डावलून केलेला सौदा पुढे किती महागात पडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मेंढ्याची सावकाशी कळू शकेल. जंगलात कोणी रात्री कुऱ्हाड घेऊन शिरला तर त्याला अडवायला पोलीस नसतो. नियम आपणच केला आहे, एवढीच ती अटक असते. ज्याने नियमाला मनापासून होकार दिलेला नाही, त्याच्यावर ती चालत नाही.

या अभ्यासाचे विषय गावाच्या रोजच्या व्यवहारातले होते. मधाचेच घ्या. आग्या माशांचे पोळे काढायचे म्हणजे खाली धूर-जाळ करून माशा जाळायच्या आणि सगळे पोळे उतरवायचे, हीच सर्वत्र रूढ रीत. अभ्यास करता करता लक्षात आले की या पोळ्यात मध एका वरच्या कोपऱ्यात, फांदीलगत साठवलेला असतो. उरलेल्या भागात अंडी आणि पिल्ले असतात. संरक्षक पोशाख घालून तेवढा मधाचा भाग कापून घेतला आणि बाकीचे पोळे जागेवर राहू दिले, तर माशा मरत नाहीत आणि तो कोपरा पुन्हा भरतात. वर्ध्याकडील कार्यकर्ते डॉ. गोपाळ पालीवाल यांनी ही ‘अहिंसक मधसंकलना’ची पद्धत विकसित केली आणि मेंढ्यातील तरुण ती शिकले. मध ज्या घरांत वर्ज्य आहे तेथेही ही माहिती उपयोगाची आहे. कारण प्रश्न खाण्याचा नसून, घेण्याच्या ओघात किती जीव जातात याचा हिशोब कोणी मांडतो का, हा आहे.

बांबूचा धडाही असाच. पावसाळ्यात जमिनीखालच्या कंदातून निघालेला कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. तो पक्का व्हायला मात्र दोन-तीन वर्षे लागतात. नवे कोंब कोवळ्या कांड्यांच्या कंदांतून फुटतात, म्हणून बेटातली कोवळी पिढी राखावी लागते आणि जुनी, पक्की कांडी तेवढीच काढावी लागते. तीही जमिनीलगत ओरबाडून न काढता पेराच्या वर स्वच्छ कापावी लागते. नगावर मजुरी घेणारा आणि उद्या दुसऱ्या जंगलात जाणारा मजूर बेटाच्या कडेची, हाताला लागणारी कोवळी कांडी आधी तोडतो. त्यात त्याचा दोष थोडा. त्याला त्या बेटाशी पुढच्या वर्षीचे नाते नसते. व्याज खावे, मुद्दल राखावे हा नियम ठाऊक सर्वांनाच असतो. पाळतो तोच, ज्याच्या नावावर मुद्दल आहे.

हे मुद्दल गावाच्या नावावर येण्यासाठी कायदा बदलावा लागला. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात गौण वनोपजाच्या यादीत बांबूचे नाव स्पष्ट घातले गेले आणि गावाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही मिळाला. अभ्यास गटाने हा कायदा कलमवार वाचला, पुरावे गोळा केले, दावा दाखल केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाले. असे हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते.

तरीही विक्री अडली. गावाकडे माल होता, घेणारा तयार होता, हक्काचा कागदही हाती होता. पण बांबू जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याकडे होता आणि खाते जुन्या व्याख्येकडे बोट दाखवत होते. परवान्याविना निघालेली गाडी म्हणजे चोरीचा माल. या टप्प्यावर रात्रीच्या आडमार्गाने माल काढणे गावाला अशक्य नव्हते. मेंढ्याने ते केले नाही. अर्ज, पत्रे, कलमांचे दाखले, पुन्हा अर्ज असा क्रम चालू राहिला. अखेर तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानावे असे राज्यांना कळवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक मेंढ्यातच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ते पुस्तक मिळाले, म्हणजे गाव विक्रेता झाले. त्यानंतर निविदा मागवणे, व्यापाऱ्याशी दर ठरवणे, तोडणीची मजुरी आणि तोडीचे नियम निश्चित करणे, ही कामे ग्रामसभा स्वतः करू लागली. (वन कायद्यातील ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये, जंगलाबाहेरच्या बांबूसाठी.)

मेंढ्याची कथा सांगताना लोक बहुधा या समारंभापाशी थांबतात. त्यापेक्षा अवघड पाऊल २०१३ चे होते. त्या वर्षी गावाने महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनींची खाजगी मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचे ठरवले. कसणाऱ्याने आपली जमीन कसतच राहावे, परंतु गावाबाहेर कोणाला ती विकता येऊ नये, असा त्याचा अर्थ. ज्या जमिनीला उद्या बाजारभाव येऊ शकतो ती आजच बाजाराबाहेर ठेवायला घरटी होकार मिळवणे, हे बांबूच्या परवान्याहून मोठे काम होते. स्थावर हीच खरी पुंजी मानणाऱ्या कुटुंबांना हा निर्णय पटेलच असे नाही, आणि तो प्रत्येक गावाने घ्यावा असेही नाही. मेंढ्याने तो घेतला. त्यामागे अभ्यास गटांच्या पंचवीसेक वर्षांच्या बैठका होत्या.

बांबूचा एक हिशोब यापुढे येणारा आहे. या भागातला मानवेल जातीचा बांबू काही दशकांतून एकदा, बहुधा मोठ्या पट्ट्यात एकदमच, फुलतो आणि बी टाकून वाळून जातो. त्यानंतर वणवा आणि गुरे यांपासून रोपे जपत कित्येक वर्षे काढावी लागतात. नवी बेटे तोडीला येईपर्यंत त्या जंगलातून बांबूचा पैसा येत नाही. ते वर्ष कोणते, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.