गेलेल्यांचा हिशेब



अलीकडे सप्ताहाच्या कीर्तनात एक नवे प्रकरण शिरले आहे. अभंग तुकोबारायांचा, चाल जुनी, मागे उभे टाळकरीही जुनेच. पण निरूपण दुसऱ्या चरणावर येते न येते तोच महाराजांची गाडी ख्रिस्ती लोकांवर घसरते. गावोगाव चर्च उठत आहेत, तांदळाच्या पोत्यावर माणसे फुटत आहेत, दहा वर्षांत तालुका हातचा जाईल, असे काहीबाही बोलले जाते आणि मंडपात टाळ्या पडतात. पूर्वी कीर्तनात टाळ वाजत, आता टाळ्या वाजतात, एवढाच काय तो फरक! मला या बोलण्याचा विरोध करायचा आहे, आणि तो गुळमुळीत शब्दांत करायचा नाही. नारदाची गादी ही दुसऱ्याच्या देवाची निंदा करण्यासाठी कोणी घालून दिलेली नाही.

आधी आकड्यांचे पाहू, कारण हल्ली आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला ते शास्त्रवचन वाटते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सर्व पंथांचे मिळून ख्रिस्ती सुमारे १० लाख ५८ हजार होते, २०११ साली १० लाख ८० हजार. म्हणजे दहा वर्षांत बावीस हजारांची भर. शेकडा प्रमाण १.०९ होते, ते ०.९६ वर आले. गोव्यात तर ते २६.७ वरून २५.१ वर उतरले. हातचा जातो म्हणता तो तालुका कोणता?

यावर उत्तर तयार असते : महाराज, ते कागदावर हिंदू राहतात आणि रविवारी चर्चला जातात. असे काही जण आहेत, हे मी नाकारत नाही. पण ते कागदावर हिंदू का राहतात, याचाही विचार करा. अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० सालचा. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेल्याची मात्र सवलत जाते. देव बदलला तरी गावाने त्याची जात बदलू दिली नाही, आणि सरकारने मात्र ती बदलली असे धरले. अशा माणसाने मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जुनेच लिहून ठेवले, तर त्याला लबाड म्हणण्याआधी त्याच्या जागी क्षणभर उभे राहावे.

मग चर्च वाढलेली दिसतात ती कुठे? जिथे कारखाने वाढले तिथे. पिंपरी-चिंचवडचे उदाहरण तुम्हा-आम्हाला रोजचे आहे, कारण तुकोबारायांची पालखी देहू सोडली की पहिला मोठा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते आणि पुढे त्या कारखान्यांमधूनच पुण्याला जाते. तिथे केरळचा फिटर आला, मंगळूरचा कारकून आला, दवाखान्यांत मल्याळी परिचारिका आल्या. आपल्या नगर-वैजापूर भागातला ख्रिस्ती मजूरही दुष्काळाने कंटाळून तिकडेच गेला. या सर्वांनी आपली प्रार्थनेची जागा उभी केली. यात धर्मांतर कुठे आले? सातारचा माणूस मुंबईच्या चाळीत गेला तेव्हा त्याने तिथे विठ्ठल मंदिर बांधलेच ना? बडोद्याला, इंदूरला, आता परदेशातही मराठी माणूस एकादशीला टाळ काढतो, तेव्हा आपल्याला अभिमान वाटतो. गिरणगावात भजनी मंडळे निघाली ती भक्ती, आणि चिंचवडला मल्याळी माणसाने घंटा बांधली की ते आक्रमण, हा न्याय कोणत्या ग्रंथात आहे ते मला दाखवा. रात्रपाळीला तुमच्या आईच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेला तुम्ही तिचा धर्म विचारून पाणी मागत नाही.

आता खऱ्या धर्मांतराकडे येतो. ते झाले आहे, आणि आपल्या अगदी उंबऱ्यात झाले आहे.

नगर जिल्हा डोळ्यांसमोर आणा. याच जिल्ह्यात नेवासे. शके १२१२ मध्ये माउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस अजून तिथे उभा आहे. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांना आपण संतांच्या मालिकेत बसवले. आणि याच जिल्ह्यात, नेवाशापासून फार दूर नाही, राहुरी तालुक्यातले केंदळ, वळण, श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव, ही कॅथलिक ख्रिस्ती मंडळींची जुनी ठाणी. जिथे ज्ञानेश्वरीचा उगम, तिथेच माणसे दुसऱ्या घाटावर पाणी प्यायला का गेली? हा प्रश्न मंडपात कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर टाळ्या घेणारे नाही.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ आठवा. दख्खनात माणसे किड्यामुंगीसारखी मेली. अमेरिकन मिशनचे प्रॉटेस्टंट लोक नगरला १८३१ पासूनच होते. या दुष्काळानंतर जर्मन जेझुइट पाद्री खेड्यांत उतरले. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला, तेव्हा आणखी लोक त्यांच्याकडे गेले. गेले ते कोण? पाटील गेले नाहीत, देशमुख गेले नाहीत. बहुतेक महार आणि मांग गेले. गावची मेलेली ढोरे ओढायची, येसकरकी करायची, सरकारी कागद घेऊन उन्हातून दुसऱ्या गावी पळायचे, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची, तीही वरून टाकलेली. आडावर घागर घेऊन गेले तर दुसऱ्या कोणी ओतेल तेव्हाच पाणी. त्या लोकांच्या वस्तीत परमुलखातला एक माणूस आला, त्यांच्या खाटेवर बसला, त्यांच्या पोराला पाटीवर अक्षर काढून दिले, आणि मेलेल्याला मंत्र म्हणून पुरले. ते पोटासाठी गेले, असे तुम्ही म्हणता. पोट नसलेला माणूस मला एक तरी दाखवा. आणि नुसते पोटासाठीच गेले असते तर पाऊस पडल्यावर सगळे परत आले असते. काही आलेही. पण जे राहिले त्यांची आज चौथी-पाचवी पिढी तिथेच गुडघे टेकते आहे. ती पोत्यावरची भक्ती नव्हे.

आता कोणी म्हणेल, महाराज पाद्र्यांचे वकीलपत्र घेऊन बसले. तसे नाही. भुकेल्याला भाकरी देताना मोबदल्यात त्याचा देव मागायचा, हा व्यापार आहे. तो कोणत्याही वेषात केला तरी व्यापारच. गोव्यात पोर्तुगिजांनी केले ते तर व्यापाराच्याही पलीकडचे. देवळे पाडली, मंगेशी, शांतादुर्गा यांना नद्या ओलांडून अंत्रुज महालात आसरा घ्यावा लागला. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, तिथे इन्क्विझिशन चालू होते. १६८४ साली हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. हे कोणी विसरू नये आणि कोणी झाकूही नये. पण गोव्याच्या जुलमाची शिक्षा केंदळच्या शेतमजुराला का? त्याच्या आजोबाच्या मानगुटीवर पोर्तुगीज कधीच बसला नव्हता. बसले होते ते आपलेच लोक.

आणि तिकडे गेल्यावर तरी जात सुटली का? गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, शूद्र हे भेद लग्नाच्या वेळी आजही विचारले जातात. नगरकडेही महारातून आलेला आणि मांगातून आलेला यांच्यात सोयरीक सहसा होत नसे. जातीचे पिशाच्च असे आहे की ते पवित्र पाण्याने धुतले जात नाही आणि चंद्रभागेच्या पाण्यानेही नाही.

घरवापसीची भाषा बोलणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. १९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यातल्या हजारो ख्रिस्ती गावड्यांना शुद्ध करून परत घेतले. मोठे काम झाले, पेपरात गाजले. पुढे काय झाले? त्या लोकांना नाव पडले ‘नवहिंदू गावडे’. नुसते हिंदू नव्हेत, नवहिंदू! पिढ्या उलटल्या तरी ते ‘नव’ पुसले गेले नाही. घरी बोलावले खरे, पण बसवले ओसरीवर. ज्याला परत आणायचे त्याला मुलगी देणार का, त्याच्या घरचे जेवणार का, हे आधी ठरवा, आणि मग भगवा झेंडा घेऊन त्याच्या दारात जा.

आपल्या संप्रदायाला हे नवीन नाही. चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकूस बांधताना दरड कोसळून गेले. त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. आजही आपण नामदेव पायरीला नमस्कार करतो तेव्हा चोखोबा बाहेरच असतात. ज्याचे अभंग आत गायचे त्याने बाहेर उभे राहायचे, हे आपण सहाशे वर्षे चालवले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे विठोबाचे दार हरिजनांसाठी उघडले. त्यावेळी विरोध करणाऱ्यांत गळ्यात माळ असलेलेही होते. त्याआधी १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले होते. वीस-एकवीस वर्षे ते वाट पाहत होते. आपण काय केले?

आता ‘माउली’ या शब्दाविषयी. हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, पुण्याकडून लोक जातात, काही पायी जातात, त्यांत हिंदूही असतात. ‘आमचा माउली शब्द चोरला’ म्हणून काही मंडळी संतापतात. मला यात चोरी दिसत नाही. चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात मराठी शिकला आणि त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापून निघाले. पुराणाची गोडी लागलेल्या लोकांना दुसऱ्या कोणत्याही मापातून देव सांगता येत नाही, हे त्या परक्या माणसाने ओळखले. पुढे नारायण वामन टिळकांनीही (ते प्रॉटेस्टंट) ख्रिस्ताची भक्ती अभंगातच गायिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणजे गोरोबाकाकांच्या तेरच्या जिल्ह्यात. तेव्हाही ओरड झालीच. अहो, ज्याने घर सोडले पण आईला हाक मारायचा शब्द सोडला नाही, त्याच्यावर रागवायचे की त्या शब्दाने आपल्या डोळ्यांत पाणी यायचे? तो शब्द ज्ञानोबांचा आहे. त्यावर आपला सातबारा नाही.

आपल्याकडे बाप्तिस्मा नाही. तुळशीची माळ घातली, एकादशी धरली, वारी केली की झाला वारकरी. कोणी कोणाची जात विचारायची नाही, एकमेकांच्या पाया पडायचे. हे वाळवंटात आपण करतो आणि ते खरे असते, मी अनेक वर्षे पाहिले आहे. पण पौर्णिमेचा काला झाला, एसटीत बसून गावी आलो, की पुन्हा तेच. सप्ताहाचा विणा वस्तीतल्या माणसाच्या गळ्यात किती गावांत जातो? पहाऱ्याची यादी करताना त्या आळीतली नावे कोण लिहितो? पंगतीत वाढपी म्हणून त्यांची पोरे उभी राहिली तर किती घरे उपाशी उठतात? वर्गणी मात्र त्या आळीतूनही गोळा होते.

म्हणून भजनी मंडळांना माझे सांगणे आहे की येत्या सप्ताहाला कीर्तनकार ठरवताना बिदागीबरोबर एवढेही ठरवा : गादीवरून कोणाच्या धर्माची निंदा होणार नाही. जो ऐकणार नाही त्याला नारळ द्या. आणि भाद्रपदात हरेगावच्या वाटेने कोणी पायी जाताना तुमच्या गावावरून गेले, तर आपल्या दिंडीला देता तसे त्यांना पाणी द्या, मारुतीच्या पारावर टेकू द्या. त्यांतल्या एखाद्या म्हातारीला आडनाव विचारा. बहुधा ते तुमच्याच पंचक्रोशीतले निघेल.