परवाना विकतचा, मुभा मात्र कंपनीची

मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसरच्या डीटीपी दुकानांत मराठी लग्नपत्रिका आणि हिंदी अर्ज एकाच संगणकावर तयार होतात. ऐन लग्नसराईत वीज खालीवर होऊन मदरबोर्ड जळाला, की नव्या संगणकावर रोख पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर अडते: ‘ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली’. आधी जुन्या यंत्रावरून परवाना काढून घ्या, असे नियम सांगतो. जळालेले यंत्र सुरू करायचे कसे? पक्की पावती खणात असताना दुकानदाराने हेल्पलाइनवर विनवण्या करायच्या आणि चोरीची प्रत वापरणाऱ्याचे काम बिनबोभाट चालायचे, हा उघड अन्याय आहे. चोरी रोखण्याचा कंपन्यांचा हक्क मान्य. त्याचा भुर्दंड प्रामाणिक गिऱ्हाइकाला का? ॲडोबीने ‘सीएस२’ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा २०१३ मध्ये जुन्या ग्राहकांना ॲक्टिव्हेशनविना चालणारी आवृत्ती दिली होती. म्हणजे मनात आणले तर मार्ग निघतो. यंत्र बिघडल्यास पावती पाहून त्याच दिवशी परवाना मोकळा झाला पाहिजे. तोवर २०२३ मध्ये जिल्हा झालेल्या पांढुर्ण्यातील सरकारी कार्यालयांनी तरी लिबरऑफिससारखे मुक्त सॉफ्टवेअर आणि ‘मुक्ता’सारखे खुल्या परवान्याचे युनिकोड फाँट वापरावेत. ते कितीही संगणकांवर चालतात.